कृपा आणि हक्क

सरकारी कचेरीत ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला दोन शेऱ्यांमधील अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या अर्जावर 'नियमानुसार मंजूर' असे लिहिले गेले, की अर्जदार कोण, तो कोणाच्या ओळखीचा, त्या दिवशी साहेबांची मनःस्थिती कशी होती, या साऱ्या गोष्टी निरर्थक होतात. उलट 'विशेष बाब म्हणून मंजूर' असा शेरा पडला, की मिळणारी रक्कम तीच असली तरी तिचा स्वभाव पालटतो. पहिला अर्जदार आपले काम झाले की निघून जातो. दुसरा जाण्यापूर्वी दोन वेळा नमस्कार करतो. पहिल्याला हक्क मिळालेला असतो, दुसऱ्याला कृपा. मी एक साधा कारकून आहे, आणि अशा अर्जांच्या नस्ती पुढे पाठविण्यातच माझे दिवस जातात. परंतु या दोन शेऱ्यांमध्ये नीतीचा केवढा मोठा प्रश्न दडलेला आहे, हे मला कचेरीत उमगले नाही. ते उमगले बालीगंजमधील माझ्या घराच्या जिन्यावर.

गोष्ट २०२० सालची आहे. मार्चच्या मध्यास पश्चिम बंगालमधील शाळा बंद झाल्या आणि एप्रिलमध्ये माझ्या मुलाचा पहिलीचा वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर भरू लागला. मीही त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून कचेरीचे काम करी. २० मे रोजी अम्फान चक्रीवादळ आले. आमच्या रस्त्यावरील जुने वृक्ष उन्मळून पडले, वीज गेली, आंतरजाल गेले, आणि पुढले काही दिवस आमची इमारत अंधारात राहिली. त्या दिवसांत शहरात ठिकठिकाणी माणसे रस्त्यावर उतरली होती. आम्ही भाडेकरूही खाली जमून तावातावाने बोलत होतो. 'वीज आणि नेट हा आमचा हक्क आहे' हे वाक्य मी स्वतः त्या घोळक्यात उच्चारले होते. पुढे जे घडले त्यामुळे ते माझ्या पक्के ध्यानात राहिले आहे.

आमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मासी बालीगंज स्टेशनच्या पलीकडे, कसब्याच्या बाजूच्या वस्तीत राहतात. त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीत होती. तिच्या शाळेतील शिक्षिका मोबाईलवर पाठ आणि प्रश्न पाठवीत. परंतु घरात फोन एकच, आणि संसर्गाच्या भीतीने मासींची चारांपैकी दोन कामे सुटलेली, त्यामुळे त्या फोनचे रिचार्ज महिनाअखेरीस हमखास संपलेले असे. वादळानंतर जून महिन्यात मासींनी संकोचत विचारले, मुलगी सकाळी तासभर जिन्यावर बसली तर चालेल का? आमच्या वायफायची लहर जिन्याच्या वळणापर्यंत पोहोचते, हे तिनेच शोधून काढले होते. मी तत्काळ होकार दिला आणि पासवर्ड तिच्या वहीत लिहून दिला. ती मला 'काकू' म्हणे. बंगालीत काकू म्हणजे काका, हे ठाऊक असूनही मराठी कानाला प्रत्येक वेळी थोडे दचकायला होते. आणि आम्ही घरात त्यावर हसत असू. आपण काहीतरी चांगले केले, ही भावनाही त्या हसण्यात मिसळलेली होती.

दोन महिने असे गेले. ऑगस्टमध्ये इमारतीतील एका शेजाऱ्यांनी, बाहेरची माणसे जिन्यावर बसतात हे या दिवसांत बरे नव्हे, असे सौम्य शब्दांत सुचविले. त्याच सुमारास मुलाच्या वर्गातील चित्र वारंवार अडखळू लागले. एका रात्री मी पासवर्ड बदलला. कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, नेहमीच्या पायरीवर बसली, फोन पुनःपुन्हा वर धरून पाहिला, आणि अर्ध्या तासाने उठून गेली. हे सारे मी दाराच्या भिंगातून पाहिले. आणखी दोन दिवस ती येऊन गेली. नंतर आली नाही. मासींनी मला त्याविषयी कधीही विचारले नाही.

मी काही गुन्हा केला नव्हता. तार माझी, पैसे माझे, पासवर्ड माझा. जे मी आपणहून दिले ते आपणहून परत घेतले. कायद्याच्या दृष्टीने मी निर्दोष होतो आणि आजही आहे. मग मनाला टोचणी कशाची लागली? या प्रश्नाचा विचार करता करता मी दुसऱ्याच एका प्रश्नापाशी येऊन पोहोचलो. त्या मुलीला जे हवे होते ते माझ्या कृपेवर अवलंबून का असावे? किंबहुना, विद्यार्थ्याला शिक्षणासाठी लागणारे आंतरजाल हा त्याचा हक्क मानता येईल काय?

या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देणारे लोक अविचारी नाहीत. आंतरजालाच्या जनकांपैकी एक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या व्हिन्टन सर्फ यांनीच जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आंतरजाल हा मानवी हक्क नव्हे असे प्रतिपादन केले होते. त्यांचा युक्तिवाद असा की यंत्र हे हक्काचे साधन असते, स्वतः हक्क नसते. एके काळी घोडा नसेल तर पोट भरणे कठीण होते. परंतु माणसाचा हक्क होता तो उपजीविकेवर, घोड्यावर नव्हे. साधनालाच हक्क म्हणून बसलो, तर साधन कालबाह्य झाल्यावरही आपण त्याचीच पूजा करीत राहू.

हा दृष्टांत मला मान्य आहे. मात्र तो अपुरा आहे. समजा, गावाचा बाजार पूर्वी वेशीवर भरत असे आणि माणसे पायी जात. एके दिवशी सरकारने तो बाजार वीस कोसांवर नेला आणि तेथवर जाणारी वाटही अशी ठेवली की घोड्यावाचून ती पार करता येऊ नये. आता ज्याच्याजवळ घोडा नाही त्याला 'तुझा हक्क उपजीविकेवर आहे, घोड्यावर नाही' असे सांगणे हे तत्त्वज्ञान नसून थट्टा ठरेल. घोडा हा जन्मसिद्ध हक्क नव्हे, हे खरे. परंतु ज्याने बाजार हलविला त्याच्यावर वाटेचे ऋण चढते, हेही तितकेच खरे. साधन हे निसर्गतः हक्क नसते. ते एकमेव साधन करण्यात येते, तेव्हा ते हक्काच्या पोटात शिरते. मला सुचलेले उत्तर एवढेच आहे, आणि पुढील सारे विवेचन त्याचाच विस्तार आहे.

वस्तुतः आपल्या कायद्याला हा विचार नवा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात केवळ फी माफ केलेली नाही. ज्या खर्चामुळे मुलाच्या प्राथमिक शिक्षणात अडथळा येईल असा कोणताही खर्च त्याच्यावर पडू नये, असे म्हटले आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांनी तर शाळेचे अंतरही मोजून दिले: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. म्हणजे शाळेत जाण्याची वाट हा शाळेचाच भाग आहे, हे कायद्याने मान्य केले. मग २०२० मध्ये शाळा इमारतीतून उठून तारेवर गेली, तेव्हा तिचे अंतर कोणी मोजले? आमच्या घरातून ती हाताच्या अंतरावर होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला ती डोंगरावर सापडली. लहर मिळावी म्हणून तिने तेथे पावसाळ्यात झोपडीत बसून अभ्यास केल्याचे त्या वर्षी वर्तमानपत्रांत आले होते. मासींच्या मुलीसाठी ती माझ्या जिन्यावर होती, आणि ऑगस्टनंतर कोठेच नव्हती. टाळेबंदीपूर्वीच्या २०१७-१८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीने हे अंतर आधीच सांगून ठेवले होते: घरी आंतरजालाची सोय असलेली कुटुंबे शहरांत शंभरांत ४२, तर खेड्यांत १५ देखील नव्हती.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. इतका पैसा आणावयाचा कोठून? हा आक्षेप ऐकला की या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला एक जुना प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले ते याच कलकत्त्यात. राजधानी तेव्हा येथे होती आणि कायदे कौन्सिलची बैठक येथेच भरत असे. विधेयक किती नेमस्त होते! साऱ्या देशाला सक्ती नव्हतीच. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांनी सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती ती लागू करावी, आणि ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी असेल त्याच्याकडून फी घेऊ नये, एवढेच त्यात होते. त्यावर आक्षेप कोणते निघाले? तिजोरीला भार सोसणार नाही, प्रांतिक सरकारांची अनुकूलता नाही, लोकांचीच अशी मागणी नाही. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तत्पूर्वी १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढील आपल्या निवेदनात निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मागितले होते. रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सक्ती राज्यभर नेली, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. एका साम्राज्याला जो खर्च झेपत नव्हता तो दोन संस्थानांना झेपला! यावरून असे म्हणावेसे वाटते की 'पैसा नाही' हे वाक्य पुष्कळदा तिजोरीविषयी नसते. कोणाची मुले आपली मानावयाची, याविषयी ते असते.

गोखल्यांच्या विधेयकापासून कायदा प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत ९९ वर्षे लागली. या काळात मुलांच्या किती पिढ्या कोणाच्या ना कोणाच्या कृपेवर शिकल्या वा न शिकल्या असतील! आंतरजालाच्या बाबतीतही आपण तेवढेच थांबावयाचे काय?

न्यायालयांनी या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यांची पावले सावध आहेत. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात मुलींना मोबाईल वापरण्यास बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आले. न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि आंतरजालाची उपलब्धता ही शिक्षणाच्या हक्काचा व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरमधील आंतरजालबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरजालावरील भाषणस्वातंत्र्य व व्यवसायस्वातंत्र्य यांना घटनेचे संरक्षण आहे असे सांगितले. परंतु आंतरजाल मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय, यावर मत दिले नाही. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना शाळांनी उपकरण व आंतरजाल पुरवावे असा आदेश दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आमच्या कलकत्ता उच्च न्यायालयापुढे प्रश्न उलट्या बाजूने आला. मार्च २०२२ मध्ये माध्यमिक परीक्षेच्या वेळी नक्कल रोखण्यासाठी राज्य सरकारने काही भागांत काही तास आंतरजाल बंद ठेवले होते. १० मार्च रोजी न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

या सर्वांत मला अधिक मोलाचा वाटतो तो ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्याचा शाळेशी संबंध नाही, तरीही आपल्या प्रश्नाच्या मुळाशी तो जातो. बँकेत खाते उघडताना आपण जिवंत व्यक्ती आहोत हे सिद्ध करण्यासाठी फोनसमोर पापणी मिटून दाखवावी लागे. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, ज्यांची पापणीच उरली नाही, त्यांनी काय करावे? न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. येथे फोन हा हक्क का झाला? फोन पवित्र आहे म्हणून नव्हे. बँकेचे जुने दार बंद करून नवे उघडण्यात आले, आणि त्या नव्या दारातून काही माणसांना जाताच येत नव्हते, म्हणून. ज्याने दार बदलले त्याने प्रत्येकाच्या प्रवेशाची तजवीज केली पाहिजे, हेच तत्त्व त्यात आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकार योजना काढतेच की. खरे आहे. पश्चिम बंगाल सरकारने जानेवारी २०२१ मध्ये बारावीच्या विद्यार्थ्यांच्या खात्यांत फोन वा टॅब घेण्यासाठी प्रत्येकी दहा हजार रुपये जमा केले. पुष्कळ मुलांना त्याचा लाभ झाला असेल, आणि तो झाला याचा आनंदच आहे. परंतु मासींची मुलगी दहावीत होती. ती योजनेच्या बाहेर. वयाची चौदा वर्षे ओलांडल्यामुळे २००९ च्या कायद्याच्याही बाहेर. पुढे २०२४ मध्ये अशाच योजनेचे पैसे भलत्यांच्याच खात्यांत गेल्याचे उघड झाले. तथापि माझा मुद्दा गैरव्यवहाराचा नाही. योजना कितीही उदार असली तरी ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली 'विशेष बाब' असते. एका अर्थसंकल्पात ती येते, दुसऱ्यात जाऊ शकते. आणि ती गेली तर विद्यार्थ्याला दाद मागण्यास जागा नसते. आपणा केंद्रीय कर्मचाऱ्यांना मुलांच्या शिक्षणासाठी भत्ता मिळतो. जानेवारी २०२४ पासून त्याची रक्कम मुलामागे दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे झाली. वाचकहो, तो मिळाला म्हणून आपल्यापैकी कोणी कोणाचे आभार मानले आहेत काय? उलट देयक अडले तर आपण स्मरणपत्र लिहितो, आणि ते लिहिताना आपला आवाज खाली जात नाही. हाच आवाज त्या मुलीला असावा, एवढीच हक्काची मागणी आहे.

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच सर्वांत अधिक पटतो. पडद्यावरचे शिक्षण हे खरे शिक्षण नव्हे. गुरूचा चेहरा, बाकावरचा सोबती, फळ्याचा वास यांची जागा तार घेऊ शकत नाही. माझ्या मुलाचे पहिलीचे वर्ष मी डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा हे मला कोणी सांगावयास नको. परंतु यातून निष्कर्ष कोणता निघतो? आंतरजालाचा हक्क नको, हा नव्हे. निघतो तो असा की हक्काला दोन बाजू हव्यात. शाळेने तारेवर जावयाचे ठरविले तर तार व साधन पुरविणे तिच्यावर व सरकारवर बंधनकारक असावे. आणि ते पुरविता येत नसेल तर तारेची सक्ती करण्याचा अधिकारच त्यांना नसावा. शिक्षक, पुस्तक, कागद यांच्या वाटेने त्यांनी मुलापर्यंत गेले पाहिजे. असा हक्क यंत्राची पूजा करीत नाही. उद्या आंतरजालाच्या जागी दुसरे काही आले तरी तो तसाच टिकेल, कारण तो यंत्राला बांधलेला नसून दार बदलणाऱ्याला बांधलेला आहे. सर्फ यांच्या शंकेचेही यात समाधान व्हावे.

आता माझ्या टोचणीविषयी. कायदा झाला असता तर मी दोषमुक्त झालो असतो काय? मला तसे वाटत नाही. सरकारचे ऋण वेगळे, शेजाऱ्याचे वेगळे. माझा दोष मी दिले नाही यात नव्हता. मी दिले ते अशा रीतीने, की परत घेताना एका शब्दाचेही कारण देण्याची मला गरज भासली नाही, यात होता. कृपेचा हा स्वभावच आहे. देणारा भला असेल तोवर ती गोड असते. परंतु भला माणूसही थकतो, शेजाऱ्याला भितो, आपल्या मुलाकडे आधी पाहतो. मी दुष्ट नव्हतो, मी केवळ सामान्य होतो. आणि सामान्य माणसांच्या चांगुलपणावर सोडता येऊ नयेत अशा ज्या गोष्टी असतात, त्यांच्यासाठीच हक्क निर्माण झाले.

२०२१ ची माध्यमिक परीक्षा रद्द झाली आणि त्या वर्षी सर्वच विद्यार्थी उत्तीर्ण झाले. मासींची मुलगीही झाली. कागदावर तिच्यात आणि ज्यांच्या घरी तार होती त्यांच्यात काही फरक उरला नाही. अकरावीत तिने नाव घातले, परंतु मागचे वर्ष कच्चे राहिल्यामुळे काही समजेना, म्हणून ते सोडले. हल्ली ती गडियाहाटच्या एका साडीच्या दुकानात उभी असते. पूजेच्या खरेदीसाठी आम्ही तेथे गेलो असता तिने ओळखून हाक मारली, 'काकू!' साड्या दाखवता दाखवता ती पत्नीला सांगू लागली की त्या वाईट दिवसांत काकूंनी दोन महिने नेट दिले, तेवढे कोणीच केले नाही. तिसऱ्या महिन्याविषयी ती काही बोलली नाही. तिला आठवत नसेल असे नाही. कृपा घेणाऱ्याला तिसऱ्या महिन्याविषयी विचारता येत नाही, एवढेच.

मी बिल चुकते केले आणि बाहेर आलो. तिचे आभार अजून माझ्याजवळ तसेच पडून आहेत. ते कोठे जमा करावे, याचा नियम मला सापडलेला नाही.